एका सुताचा फरक : जुने ड्रम आणि नवी पाने

सूत म्हटले की आम्हा कापडवाल्यांच्या डोळ्यांसमोर मालेगाव-भिवंडीच्या मागावरचा धागा येतो. सुताराच्या तोंडी मात्र तोच शब्द इंचाचा आठवा भाग असतो. आठ सुतांचा एक इंच. आजचा आमचा विषय या दुसऱ्या सुताचा आहे. या एका सुतापायी, कधी कधी अर्ध्याच सुतापायी, चांगली जुनी वाद्ये कारागिराच्या हातून कायमची बिघडतात, आणि हेच सूत ओळखणाऱ्या कारागिराला त्यातून इज्जतीची रोजी मिळू शकते.

गोष्ट आहे पाश्चात्त्य पद्धतीच्या ड्रमची. मुंबईच्या हॉटेलांतले जॅझ बँड आणि सिनेसंगीताचे वाद्यवृंद यांत गोव्याच्या ख्रिस्ती आणि मुंबईच्या पारशी वादकांनी ही वाद्ये वाजवली. कावस लॉर्ड आणि त्यांचे चिरंजीव केर्सी लॉर्ड ही त्यातली मोठी नावे. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या विलायती आणि अमेरिकन ड्रमना आज जगभर शौकीन गिऱ्हाईक आहे. असा ड्रम घरातून, एखाद्या जुन्या बँडच्या सामानातून किंवा भंगारातून बाहेर निघतो. वरचे पान फाटलेले असते. मालक दुकानातून १४ इंची नवे पान आणतो, आणि ते काही केल्या चढत नाही.

मग वाद सुरू होतो. मालक म्हणतो पान खराब निघाले. दुकानदार म्हणतो ड्रम फुगला आहे. सुतार काहीच म्हणत नाही, तो पॉलिश पेपर काढतो. आमच्या मते तिघांनीही आधी मेजरटेप काढायला हवी होती.

नंबर वेगळा, माप वेगळे

आपल्या ढोल-ताशावाल्यांप्रमाणे आम्ही ड्रमच्या वाजवायच्या पडद्याला ‘पान’ म्हणू आणि लाकडाच्या गोल धडाला ‘शेल’. पानाच्या काठाला धातूचे एक कडे असते. त्यावर रिम बसते आणि रिम स्क्रूंनी खाली ओढली की पान ताणले जाते. शेलचा जो वरचा काठ पानाला टेकतो, त्याला ‘धार’ म्हणू. या चार शब्दांवर पुढचे सारे कळेल.

आता कपड्यातला हिशेब आठवा. ज्याची मान १५ इंच आहे, त्याला बरोबर १५ इंचांची कॉलर शिवून दिली तर बटण लावताच त्याचा गळा आवळेल. दर्जी थोडी सैल ठेवतो. ड्रमचेही तसेच आहे. शेल म्हणजे मान, पान म्हणजे कॉलर. १४ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या आजच्या ड्रमचे शेल बाहेरून मोजले तर साधारण १३ इंच ७ सूत भरते. म्हणजे कारखान्याने एक सूत आधीच कमी ठेवलेले असते. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर १४ इंच म्हणजे ३५५.६ आणि शेल सुमारे ३५२.४. पानाचे कडे आतून १४ इंचांपेक्षा किंचित मोठे असते. त्यामुळे पान शेलवर कुठेही न अडकता, पाण्यावर थाळी ठेवावी तसे बसते.

जुन्या ड्रममध्ये ही सैल कित्येकदा नसते. १४ इंची शेल खरोखरच पूर्ण १४ इंचांचे, किंवा त्याहून अर्धा सूत जास्त असते. नंबर तोच, माप वेगळे. त्या काळच्या कारागिराने चूक केली होती काय? मुळीच नाही. त्याच्या काळी पानच वेगळे होते.

चामड्याच्या काळातला हिशेब

तबल्याची पुडी कशी होते ते आपल्या वाचकांना सांगायला नको. तबला समोर ठेवून, त्याच्या तोंडाच्या मापाने पुडी बांधली जाते. खोड काडीभर मोठे असले तरी उस्ताद त्याप्रमाणे पुडी करतो. पुडी खोडाची ताबेदार असते.

पाश्चात्त्य ड्रमचेही पूर्वी असेच होते. वासराचे पातळ कमावलेले कातडे पाण्यात भिजवायचे, लाकडी कड्याभोवती हाताने दुमडून खोचायचे आणि सुकू द्यायचे. कडे त्या शेलच्या मापाचे. त्यामुळे एका कंपनीचे १४ इंच आणि दुसऱ्या कंपनीचे १४ इंच यांत सुताचा फरक असला तरी कोणाचे अडत नव्हते.

कातड्याची एक अडचण मात्र मोठी होती. दमट हवेत ते सैल पडते, कोरड्या हवेत आखडते. आपल्याकडे डफ शेकोटीवर शेकतात ते याचसाठी. तिकडे काही वादक मोठ्या ड्रमच्या पोटात विजेचा दिवा लावून ठेवत, म्हणजे कातडे उबदार आणि ताठ राहावे.

या अडचणीवर तोडगा निघाला तो आमच्याच धंद्यातून, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा तयार केला. हे दोघे नोकरीला होते मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये, म्हणजे कापड छापणाऱ्यांच्या संस्थेत. या धाग्याला इंग्लंडात टेरिलीन नाव मिळाले आणि अमेरिकेत डॅक्रॉन. आपल्या टेरिकॉटमधला ‘टेरि’ याच घराण्यातला. त्याच पॉलिएस्टरचा धागा न ओढता पातळ पापुद्रा ओढला की अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीची ‘मायलार’ फिल्म होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात चिक इव्हान्स आणि रेमो बेली या दोन अमेरिकन ड्रमवादकांनी या फिल्मची पाने बाजारात आणली. रेमो बेलींची कंपनी १९५७ मध्ये सुरू झाली. फिल्मचा काठ ॲल्युमिनियमच्या कड्यात रसायनाने पक्का करायचा, ही तिची पद्धत. ना पावसाची चिंता, ना शेकोटीची गरज. थोड्याच वर्षांत कातडे मागे पडले.

इथे हिशेब उलटला. पान कारखान्यातून ठरलेल्या मापाचे येऊ लागले. ते भिजत नाही, दुमडत नाही, त्याचे कडे वाढत नाही. आता शेलला पानाच्या मापात यावे लागले. नवे शेल करणाऱ्यांनी माप बदलले. जे शेल आधीच तयार होऊन घराघरांत गेले होते ते जसेच्या तसे राहिले.

विलायतेतल्या प्रीमियर कंपनीचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. ही कंपनी १९२२ मध्ये लंडनला निघाली आणि दुसऱ्या महायुद्धात १९४० च्या बाँबहल्ल्यानंतर लेस्टरला गेली. बीटल्सचे रिंगो स्टार १९६३ मध्ये लुडविगकडे वळले त्याआधी प्रीमियरच वाजवत होते. प्रीमियरच्या काही टॉमचे, म्हणजे सेटमधल्या मधल्या आकाराच्या ड्रमचे, माप अमेरिकन मापापेक्षा थोडे मोठे होते. कंपनी स्वतःच ‘एव्हरप्ले’ नावाची पाने त्या मापात करीत असे, म्हणून तोवर तक्रार नव्हती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने आंतरराष्ट्रीय माप स्वीकारले. त्याआधीच्या ड्रमना शौकीन लोक आजही ‘प्री-इंटरनॅशनल’ म्हणून ओळखतात. असा टॉम समोर आला आणि साधे पान चढले नाही, तर ड्रम फुगलेला नाही. तो जन्मापासून तेवढाच आहे. अमेरिकेच्या काही जुन्या कंपन्यांच्या शेलमध्येही पान घट्ट बसण्याची तक्रार आढळते.

आधी माप, मग मत

व्यास पट्टीने मोजू नका. गोलाचा बरोबर मध्य पट्टीखाली सापडत नाही. दर्जी छाती मोजतो तसा टेपने शेलचा घेर मोजा आणि त्याला ३.१४१६ ने भागा. यात एक फायदा आहे. घेर वाचताना १ मि.मी. इकडेतिकडे झाला तर व्यासात चूक त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच होते. टेप मात्र न ताणणारी हवी. शिवणकामाची जुनी कापडी टेप ओढून लांबलेली असते, ती नको.

१३ इंच ७ सुतांच्या शेलचा घेर सुमारे १,१०७ मि.मी. भरतो. पूर्ण १४ इंचांचा १,११७. अर्धा सूत जास्त असला तर १,१२२. म्हणजे टेपवर फरक स्पष्ट दिसतो, तेथे डोळ्याला शंका राहत नाही.

पण घेर एक गोष्ट लपवतो. शेल अंडाकृती झाले असेल तरी घेर तोच भरतो. म्हणून मोठ्या कॅलिपरने चार दिशांनी व्यासही घ्या. चारही आकडे सारखे आणि मोठे, तर शेल मुळातच मोठे. एक आकडा मोठा आणि त्याच्या काटकोनातला लहान, तर शेल गोलाई सोडून बसले आहे. त्याचे औषध वेगळे आहे, तेथे घासून काही साधणार नाही.

शेवटी पानाच्या कड्याचा आतला व्यासही मोजा. निरनिराळ्या कंपन्यांची कडी सारखी नसतात. कड्याच्या मापातून शेलचे माप वजा करून निम्मे केले की प्रत्येक बाजूची सैल मिळते. बाजूला १ मि.मी.च्या आसपास सैल मिळाली तर काम निर्धास्त होते.

कामाचा क्रम : स्वस्त आधी, अमोल शेवटी

आमचे सांगणे एकच आहे. जी वस्तू बाजारात पुन्हा मिळते तिच्यावर आधी प्रयोग करा. जी पुन्हा मिळणार नाही तिला शेवटी हात लावा. पान पुन्हा मिळते. साठ वर्षांपूर्वीचे शेल मिळत नाही.

पहिली पायरी सफाईची. काठाजवळ जुना गोंद, मेण, रंगाचे थर साचलेले असतात. नुसत्या सफाईने पान उतरले तर पुढे काही करू नका.

दुसरी पायरी जोड तपासण्याची. शेलवर बहुधा चकचकीत मोतिया शीट चिकटवलेली असते. जिथे शीटचे एक टोक दुसऱ्यावर चढते तिथे जाडी दुप्पट होते. कित्येकदा पान तेवढ्याच एका जागी अडते आणि दोष मात्र साऱ्या शेलला लागतो. शीट सुटून फुगली असेल तर ती नीट चिकटवणे पुरते.

तिसरी पायरी दुसरे पान आजमावण्याची. एका कंपनीचे चढत नाही ते दुसरीचे चढते. अमेरिकेच्या ॲक्वेरियन कंपनीने ‘अमेरिकन व्हिंटेज’ नावाची पाने मुद्दाम किंचित मोठ्या मापात काढली, ती याच जुन्या ड्रमसाठी. मोठे पान घेताना रिमकडे विसरू नका. कड्याचे बाहेरचे माप रिमच्या आत मावले पाहिजे आणि स्क्रू सरळ उभे उतरले पाहिजेत. तिरके गेलेले स्क्रू आटे खातात.

चौथी पायरी पुन्हा कातड्याची. मोठ्या शेलसाठी त्याच मापाचे लाकडी कडे वळवून त्यावर कातडे चढवणे आजही शक्य आहे. हवेची कटकट राहील, पण शेलला ओरखडाही न येता ड्रम त्याच्या मूळ आवाजात बोलेल. पुडी बांधणाऱ्या हातांना हे काम अवघड वाटू नये.

पाचवी पायरी शीट छाटण्याची. शीट अर्धा मि.मी. जाड असेल तर दोन्ही बाजू मिळून व्यासात १ मि.मी.ची भर पडते. पानाचे कडे जेवढे खाली येते तेवढीच पट्टी काठापासून मोजून, धारदार पात्याने छाटली की ती जागा मोकळी होते. रिम बसल्यावर छाटलेला भाग बराचसा झाकला जातो. मात्र हा बदल कायमचा आहे, मालकाला विचारूनच करावा. आणखी एक इशारा : जुनी मोतिया शीट पुष्कळदा सेल्युलॉइडची असते. सेल्युलॉइड झटकन पेट घेते. तिच्याजवळ गरम हवेची बंदूक, विडी-सिगारेट, वेल्डिंगची ठिणगी, काहीही नको.

सहावी आणि शेवटची पायरी लाकूड घासण्याची. आधीचे सारे उपाय थकले तरच. घासायचे ते फक्त बाहेरून आणि फक्त कडे उतरते तेवढ्या पट्ट्यात. पॉलिश पेपर सपाट फळीला लावून हाताने, चारी बाजूंनी सारखे. लाकडावर पेन्सिलच्या रेघा मारून घ्याव्यात. रेघा सारख्या पुसल्या गेल्या तर हात सारखा चालला. दर काही फेऱ्यांनंतर टेप लावावी. ध्यानात ठेवा, सर्व बाजूंनी अर्धा मि.मी. गेले की व्यास १ मि.मी.ने कमी होतो. नवखा माणूस हा दुपटीचा हिशेब विसरतो आणि गरजेच्या दुप्पट लाकूड काढतो. जुन्या शेलचा बाहेरचा प्लाय पातळ असतो, तो फाटला की पुन्हा जुळत नाही. फिरते मशीन आणि रंधा या कामात वर्ज्य समजावेत.

धारेला मात्र कधीही हात लावू नये. जुन्या ड्रमची धार पुष्कळदा गोलसर असते, तोच त्याचा आवाज. ती ‘साफ’ करून दिली तर माल बाहेरून तोच राहील, आवाज दुसराच होईल.

जबरदस्तीचा माल

काही जण सोपा मार्ग काढतात. पान ठोकून बसवतात आणि स्क्रू आवळतात. काही जण ॲल्युमिनियमचे कडे तापवून वाढवू पाहतात. कडे तापले की आतले रसायन ढिले पडते आणि ताण येताच फिल्म सुटते. ठोकून बसवलेले पान एका बाजूने खाली आणि दुसऱ्या बाजूने वर राहते. मग एक स्क्रू आवळला की सूर चढायच्या ऐवजी दुसरीकडे सुरकुती पडते. वादक आठवडाभर सूर शोधत बसतो आणि अखेर म्हणतो, ड्रममध्ये दम नाही. पुढे पान बदलायची वेळ आली की ते निघत नाही, आणि पेचकसाने उचकटताना शेलचा काठ तुटतो.

बरोबर बसलेल्या पानाची पारख सोपी आहे. रिम न लावता पान शेलवर ठेवा. ते स्वतःच्या वजनाने खाली उतरले पाहिजे आणि बोटांनी फिरवले तर पूर्ण एक फेरा न घासता फिरले पाहिजे. एवढ्यावरही थांबू नका. डोळा काठाच्या पातळीला आणून पाहा. फिल्म जिथे वाकून कड्यात जाते, त्या वाकाच्या आतल्या सपाट भागावर धार टेकली पाहिजे. शेल मोठे असले तर धार वाकावरच चढते. पान उतरलेले दिसते, पण बसलेले नसते, आणि आवाज दबका येतो.

धंद्याची बाजू

आता वाचक विचारतील, आपल्या कारागिरांना याचे काय? आमचे उत्तर असे की हा हुन्नर आपल्या हातांना परका नाही. मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार होते, हत्यारांना धार लावणारे. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा १९ व्या शतकात त्यांनी तोच बारीक हात वाद्यांकडे वळवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सुतारकाम, कातडे चढवणे, पॉलिश, धातूचे काम या साऱ्यांची जुन्या ड्रमला गरज पडते.

मात्र या गिऱ्हाइकाशी सौदा वेगळ्या रीतीने करावा लागतो. पहिला प्रश्न असा विचारावा : ड्रम वाजवायचा आहे, विकायचा आहे की जपून ठेवायचा आहे? ज्याला उद्या कार्यक्रम आहे त्याला मोठ्या मापाचे पान आणून देणे किंवा शीट छाटणे परवडते. ज्याला विकायचा आहे त्याला सांगावे की शौकीन खरेदीदार मूळ शीट, मूळ शेल आणि मूळ रिम पाहतो, घासलेल्या ड्रमची किंमत उतरते. जपणाऱ्याला कातड्याचा रस्ता दाखवावा.

दुसरे, कामाआधी वहीत लिहावे : शेलचा घेर, चार व्यास, पानाचे माप, शीटची हालत. त्याखाली काय करायचे ठरले ते लिहून मालकाची सही घ्यावी. काम झाल्यावर पुन्हा मापे लिहावीत. काढलेला प्रत्येक स्क्रू, जुने कडे, छाटलेली शीट पिशवीत घालून मालकाला परत द्यावी. आम्ही कापडात पाहत आलो आहोत की जो दुकानदार ताग्याचे माप गिऱ्हाइकासमोर करतो त्याच्याकडे गिऱ्हाईक पिढ्यान्पिढ्या येते.

तिसरे, मापण्याची मजुरी वेगळी आकारावी, आणि निःसंकोच आकारावी. पुष्कळदा मापल्यावर निघते की करण्यासारखे काहीच नाही, फक्त दुसऱ्या कंपनीचे पान हवे. त्या दिवशी कारागिराला घासायची मजुरी मिळत नाही. मापायची मजुरी नसेल तर पोटासाठी घासायचा मोह होतो, आणि इथेच जुना माल मरतो. मजुरी ज्ञानाची घेतली तर हात आवरता येतो.

तरुण कारागिरांनी सुरुवातीला एखादे निकामी शेल घेऊन सराव करावा. टेप, कॅलिपर, सपाट फळी, दोन-तीन कंपन्यांची पाने, आणि एक वही. एवढ्या भांडवलावर हा धंदा उभा राहतो. आणि जुना ड्रम पुढ्यात आला की पॉलिश पेपर पेटीतच राहू द्यावा, हातात आधी टेप घ्यावी.